यंग पडला, डेव्ही गाजला: लंडनच्या एका व्याख्यानगृहाचं प्रकरण

जानेवारी 1802 मध्ये लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दोन तरुण प्राध्यापकांच्या व्याख्यानमाला सुरू झाल्या. 28 वर्षांचा टॉमस यंग भौतिकशास्त्रावर बोलणार होता आणि 23 वर्षांचा हम्फ्री डेव्ही रसायनशास्त्रावर. सभागृह एकच, श्रोतेही बरेचसे तेच, आणि पगार देणारं व्यवस्थापक मंडळही एकच. पुढच्या वर्षी, 1803 मध्ये, यंगने राजीनामा दिला आणि कोणी त्याला फारसा आग्रह केला नाही. डेव्हीच्या व्याख्यानांना मात्र इतक्या घोडागाड्या येऊ लागल्या की अल्बमार्ल स्ट्रीटवर वाहतूक एकाच दिशेने सोडावी लागली. लंडनमधला पहिला एकेरी रस्ता तो हाच, असं ही संस्था आजही सांगते.

हे प्रकरण सहसा वक्तृत्वाचा धडा म्हणून सांगितलं जातं. डेव्हीला बोलता येत होतं, यंगला येत नव्हतं, आणि तिथे गोष्ट संपते. मला ते पटत नाही. आपल्याकडे पुण्याच्या 1875 पासूनच्या वसंत व्याख्यानमालेपासून तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या तीन दिवसांच्या मालेपर्यंत, कार्यकारिणीच्या बैठकीत दरवर्षी एकच वाद असतो: गर्दी खेचणारं नाव आणायचं की विषय मुळापासून जाणणारा माणूस. अल्बमार्ल स्ट्रीटवर दोघेही एकाच वेळी हाताशी होते. तरी घडी बसली नाही, आणि ती का बसली नाही हे पाहण्यात जास्त अर्थ आहे.

संस्था कशासाठी निघाली आणि काय झाली

रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना 7 मार्च 1799 ची, सोहो स्क्वेअरमधल्या जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाच्या घरी भरलेल्या बैठकीतली. पुढाकार काउंट रम्फर्डचा. हा गृहस्थ मूळचा अमेरिकेतला, बव्हेरियात सैन्याची आणि गरिबांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था लावून आलेला. चुली, धुरांडी, सूप आणि उष्णता हे त्याच्या आवडीचे विषय. नवी यंत्रं आणि सुधारणा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवायच्या आणि विज्ञान रोजच्या कामाला लावायचं, हा संस्थेचा जाहीर हेतू होता. संस्थापक मालकांकडून प्रत्येकी 50 गिनी घेतल्या गेल्या. म्हणजे उद्देश कारागिरांचा आणि पैसा जमीनदारांचा, ही गाठ पहिल्या दिवसापासून होती.

अर्धवर्तुळाकार व्याख्यानगृह टॉमस वेबस्टरने उभारलं. नऊशे-हजार माणसं मावतील असं, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ जाईल असं. त्याच्या आराखड्यात एक दगडी जिना होता, रस्त्यावरून थेट वरच्या सज्जात जाणारा. कामगारांनी त्या वाटेने यायचं आणि खालच्या प्रतिष्ठितांच्या अंगाला न लागता ऐकून जायचं, अशी कल्पना. हा वेगळा जिना आज आपल्याला खटकेल, पण त्या काळात तोसुद्धा फार पुढचा ठरला. फ्रान्समधली राज्यक्रांती ताजी होती आणि खालच्या वर्गाला विज्ञान शिकवणं म्हणजे आगीशी खेळ, असं वर्गणीदारांपैकी अनेकांना वाटत होतं. जिना पाडून टाकला गेला. रम्फर्डही 1802 मध्ये लंडन सोडून गेला, आणि संस्थेपुढे अगदी साधा प्रश्न उरला: वर्गणी कोण भरणार, आणि कशाच्या बदल्यात?

उत्तर मिळालं ते वेस्ट एंड या लंडनच्या श्रीमंत भागातल्या घरांतून, त्यातही तिथल्या बायकांकडून. विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंद होते. यंगने आपल्या पहिल्याच व्याख्यानात हे उघडपणे मांडलं: स्त्री असल्यामुळे किंवा परिस्थितीमुळे ज्यांना विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नाही, त्यांच्यासाठी ही संस्था थोड्याफार प्रमाणात विद्यापीठाची जागा घेऊ शकेल. 1802 साली भर सभेत हे म्हणणं लहान गोष्ट नव्हती. आणि ते डेव्हीने नव्हे, 'रटाळ' यंगने म्हटलं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

डेव्ही

कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सचा मुलगा. विद्यापीठात न गेलेला. ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतःवर आणि मित्रांवर वापरून पाहिला आणि 1800 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. मार्च 1801 मध्ये तो लंडनला आला तो वर्षाला 100 गिनी, राहायला खोली, कोळसा आणि मेणबत्त्या एवढ्या बोलीवर. त्याच जूनमधल्या एका व्याख्यानाला जवळपास 500 लोक होते असं त्याने मित्राला कळवलं. त्या रात्री श्रोत्यांनाही वायू हुंगायला दिला होता आणि टाळ्यांना अंत नव्हता. पुढच्या वर्षी जेम्स गिलरेने रॉयल इन्स्टिट्यूशनवर व्यंगचित्र काढलं. त्यात वायूचा प्रयोग एका सद्गृहस्थाच्या विजारीतून बाहेर पडतो आहे आणि मागे हातात भाता घेतलेला तरुण डेव्ही हसतो आहे. आज एखाद्या वक्त्यावर मीम निघावं, तशी ती प्रसिद्धी होती.

डेव्ही गाजला तो नुसत्या धूर-ठिणग्यांवर, असं समजणं चूक. त्याची तयारी कशी असे हे आपल्याला जॉन डाल्टनच्या पत्रातून कळतं. यंग गेल्यावर, 1803 च्या अखेरीस, अणुसिद्धान्ताची जुळवाजुळव करत असलेला मँचेस्टरचा हा साधा शिक्षक व्याख्यानं द्यायला आला. डेव्हीने त्याला सांगितलं की पहिलं व्याख्यान संपूर्ण लिहून काढ, त्यावर मेहनत घे, कारण माणसं पहिल्या दिवसावरूनच मत बनवतात. मग आदल्या संध्याकाळी दोघे रिकाम्या सभागृहात गेले. डेव्ही सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि डाल्टनला सगळं वाचायला लावलं. नंतर जागा बदलल्या, डेव्हीने वाचलं आणि डाल्टनने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दीड-दोनशे लोकांसमोर डाल्टनची वेळ निभावली. रिकाम्या सभागृहातली ही रंगीत तालीम मला त्या काळच्या कोणत्याही नेत्रदीपक प्रयोगाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वक्ता पाच मिनिटं आधी पोहोचतो, मग शाल, श्रीफळ, परिचय, आणि माइक चालतो की नाही हे पहिल्या वाक्याला कळतं.

पण डेव्हीच्या यशाची दुसरी बाजू संस्थेला 1807 मध्ये भोगावी लागली. त्या ऑक्टोबरात त्याने विद्युतप्रवाहाने पोटॅशियम वेगळं केलं, पाठोपाठ सोडियम. नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मंडळात ते जाहीर केलं आणि लगेच तो इतका आजारी पडला की जगेल की नाही याची खात्री नव्हती. प्रकृतीच्या बातम्या दारावर लावाव्या लागत. व्याख्यानं बंद पडली आणि संस्थेची मिळकत घसरली. एका माणसाच्या तापावर संपूर्ण संस्थेचा ताळेबंद हलला. व्यवस्थापकांनी गर्दी मिळवली होती, पण ती संस्थेची नव्हती, डेव्हीची होती.

पोकळी भरायला जी व्याख्यानं झाली त्यांतली कवी कोलरिजची सर्वांत चर्चेची. विषय काव्य. हा कोलरिज डेव्हीचा मित्र. आपला रूपकांचा साठा वाढवायला मी याची रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकतो, असं तो म्हणे. कवीने रसायन ऐकावं आणि रसायनशास्त्रज्ञाने कविता लिहाव्यात (डेव्ही लिहीत असे), असं ते वातावरण होतं. 1808 च्या मालेत मात्र कोलरिज अफूच्या आणि आजारपणाच्या कचाट्यात होता. व्याख्यानं पुढे ढकलली जात, काही झालीच नाहीत, आणि शिक्षणावर बोलताना त्याने त्या वेळी लोकप्रिय असलेल्या, मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेणाऱ्या लँकेस्टरच्या शाळापद्धतीवर असा हल्ला चढवला की व्यवस्थापकांना घाम फुटला. यावर अधिक लिहिण्यासारखं आहे, पण ते दुसरं प्रकरण.

यंग

आता पडलेल्या वक्त्याकडे येतो. यंग क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, पेशाने डॉक्टर. दुसऱ्या वर्षी वाचायला लागलेला आणि पुढे रोझेटा शिलालेखावरच्या इजिप्शियन लिपीपर्यंत जाणारा. दोन वर्षांत त्याने 91 व्याख्यानं दिली. यंत्रशास्त्र, पाणी, ध्वनी, प्रकाश, भरती-ओहोटी, खगोल, असं सगळंच. तक्रार एकच होती: फार दाट. एका वाक्यात तीन पायऱ्या, आणि मधली पायरी श्रोत्याने आपणहून चढायची.

प्रयोगांची त्याला नावड होती असं नाही. पाण्याच्या उथळ तबकात लाटा उठवून दोन लाटा एकमेकींना कुठे वाढवतात आणि कुठे पुसून टाकतात, हे दाखवण्याचं साधन त्याने याच व्याख्यानांसाठी तयार केलं. आज भौतिकशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ते असतं. ध्वनीलाही तसंच होतं, आणि प्रकाशालाही तसंच व्हायला हवं, हा त्याचा मुद्दा. न्यूटनचा प्रकाश कणांचा असताना लंडनमध्ये बसून हे म्हणणं म्हणजे घरच्या दैवतावर हात टाकणं होतं.

त्याची शिक्षाही मिळाली. 1803 मध्ये एडिंबरो रिव्ह्यू या नियतकालिकात हेन्री ब्रूहॅमने निनावी लेखांतून यंगच्या प्रकाशावरच्या निबंधांची साल काढली. त्यात एक टोमणा व्याख्यानगृहाला उद्देशून होता: रॉयल सोसायटीने आपली प्रकाशनं म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये येणाऱ्या बायकांसाठी नव्या, फॅशनेबल सिद्धान्तांची पत्रकं करून टाकली आहेत का? यंगने उत्तर म्हणून पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. म्हणजे ज्या श्रोत्यांना तो नीट पोहोचत नव्हता, त्यांच्याच नावाने त्याला हिणवलं गेलं. जाहीर व्याख्यान देणाऱ्या विद्वानाकडे इतर विद्वान संशयाने पाहतात, हा अनुभव आपल्याकडच्या अनेक प्राध्यापकांना ओळखीचा असेल. वर्तमानपत्रात लिहिलं, गणेशोत्सवात बोललं, की विभागातले सहकारी भुवया उंचावतात.

यंग वैद्यकीकडे परतला. पण 1807 मध्ये त्या व्याख्यानांचे दोन जाडजूड खंड निघाले, साठ व्याख्यानांत नीट बांधलेले. त्यात दोन फटींमधून येणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या आहेत. पदार्थाच्या ताठरपणाचं ते माप आहे, जे अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी यंगचा गुणांक म्हणून पाठ करतो. आणि 'एनर्जी' हा शब्द भौतिकशास्त्राच्या आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीसाठी, तिथे वापरलेला आहे. डझनभर वर्षांनी फ्रान्समध्ये फ्रेनेलने लाटांचा सिद्धान्त गणिताने उभा केला तेव्हा यंगचं म्हणणं परत वर आलं. ज्या सभागृहात लोक जांभया देत होते, तिथली ही सामग्री.

निर्णय बरोबर होता का

व्यवस्थापकांच्या जागी बसून पाहिलं तर 1803 मध्ये यंगला जाऊ देणं चूक म्हणता येत नाही. हप्त्याहप्त्याने वर्गणी यायला हवी होती आणि रिकामी बाकं वर्गणी आणत नाहीत. माझी हरकत वेगळी आहे. यंगचा मजकूर हजार माणसांच्या सभागृहाचा नव्हताच. तो पंधरा-वीस जणांच्या टेबलाभोवतीचा होता, जिथे ऐकणारा मध्येच हात वर करून 'ही पायरी पुन्हा सांगा' म्हणू शकतो. ज्याला आपण आज चर्चासत्र म्हणतो ते. संस्थेकडे मोठं सभागृह होतं, तळघरात प्रयोगशाळा होती, पण या दोघांच्या मधली जागा नव्हती. मग एका माणसाला चुकीच्या आकाराच्या खोलीत उभं केलं आणि तो पडला म्हणून नोंद झाली. आपल्याकडे उलटं होतं. विद्यापीठं चर्चासत्राच्या नावाखाली दोनशे विद्यार्थी हजेरीसाठी बसवतात, निबंध वाचले जातात, प्रश्नांसाठी वेळ उरत नाही, आणि प्रमाणपत्रं वाटली जातात. खोलीचा आकार आणि बोलण्याचा आकार न जुळण्याचाच हा प्रकार.

ही मधली जागा पुढे ज्याने तयार केली, तो यंग गेल्यानंतर नऊ वर्षांनी श्रोता म्हणून आला.

लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे रिबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. बांधायला येणारी पुस्तकं तो वाचून काढी. त्यांतलं एक जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरच्या संवादांचं. या मार्सेटबाई डेव्हीच्या श्रोत्यांपैकीच. व्याख्यानात जे निसटलं ते घरी बोलून समजून घ्यावं लागलं म्हणून त्यांनी 1806 मध्ये ते संवादरूपात लिहिलं. म्हणजे ब्रूहॅमने ज्यांची टर उडवली त्या बायकांपैकी एकीने लिहिलेल्या पुस्तकातून फॅरडे रसायनशास्त्राकडे वळला. हा हिशेब कुठल्याही वर्गणीच्या वहीत मांडलेला नाही.

1812 मध्ये दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स या संगीतकाराने त्याला डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. कामगारांसाठीचा जिना केव्हाच पाडला होता, म्हणून हा कामगार दुसऱ्याच्या तिकिटावर आत आला. सज्जात घड्याळाच्या वर बसून त्याने टिपणं घेतली, आकृत्यांसह सुंदर अक्षरात उतरवली, सुमारे 300 पानं स्वतः बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीबद्दल काढून टाकलं तेव्हा मार्च 1813 मध्ये फॅरडेला ती जागा मिळाली. आठवड्याला 25 शिलिंग आणि माळ्यावर दोन खोल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याने आपल्या मित्राला, बेंजामिन अ‍ॅबटला, ओळीने पत्रं लिहिली. विषय: व्याख्यान कसं असावं. अजून एकही मोठं व्याख्यान न दिलेला एकवीस वर्षांचा मुलगा हे लिहितो आहे, पण श्रोता म्हणून त्याचं निरीक्षण पक्कं आहे. खोलीत हवा खेळती हवी, येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या हव्यात, टेबलावरचं उपकरण मागच्या बाकाला दिसायला हवं. वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करू नये. एक तास पुरे. आणि टाळ्यांसाठी गळ टाकणारा वक्ता आपली पत घालवतो. पुढे त्याने वक्तृत्व शिकवणाऱ्या बेंजामिन स्मार्टकडे धडे घेतले, आणि व्याख्यानाच्या वेळी तो आपल्या मदतनिसाकडून समोर दोन कार्डं ठेवून घेई: एकावर 'सावकाश', दुसऱ्यावर 'वेळ'.

1825 मध्ये फॅरडेच्या पुढाकाराने शुक्रवारच्या संध्याकाळच्या सभा सुरू झाल्या. त्याच वर्षी मुलांसाठी नाताळची व्याख्यानंही सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातली 1939 ते 1942 ही वर्षं सोडली तर ती आजतागायत चालू आहेत. त्यातल्या 19 माला एकट्या फॅरडेने दिल्या. शुक्रवारची रचना मात्र मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. आधी सभागृहात तासभराचं व्याख्यान. मग ग्रंथालयात उपकरणं, नमुने, नवी पुस्तकं मांडलेली, आणि लोक घोळक्याने उभे राहून हवं ते विचारत. मोठ्या खोलीला लागून ती लहान जागा आता मिळाली होती. विषयांचं कुंपणही घातलं नव्हतं.

या शुक्रवारांबद्दल एक आख्यायिका आहे. एप्रिल 1846 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन हा शास्त्रज्ञ आयत्या वेळी घाबरून जिन्यावरून पळाला आणि फॅरडेला उभं राहावं लागलं, म्हणून तेव्हापासून वक्त्याला अर्धा तास आधी खोलीत कोंडून ठेवतात. कोंडण्याची प्रथा गमतीने पाळली गेली, पण पळण्याची हकिकत कागदपत्रांशी जुळत नाही. जे खरोखर झालं ते यापेक्षा रंजक आहे. फॅरडे व्हीटस्टनच्या कालमापक यंत्रावर बोलला, विषय वेळेआधी संपला, आणि उरलेल्या मिनिटांत त्याने आपल्या मनात घोळणारा एक कच्चा विचार बोलून टाकला: प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय बलरेषांमधला कंप असेल का? प्रकाश वाहून नेतं असं मानलेल्या ईथर नावाच्या माध्यमाची मग गरज काय? इतका काटेकोर माणूस एरवी असं भर सभेत बोलला नसता. मागाहून त्याने ते पत्ररूपात लिहून छापायला दिलं, आणि ही केवळ अटकळ आहे असं बजावून सांगितलं.

चर्चासत्रातला मजकूर त्या रात्री सभागृहात निसटला. यंगने ज्या लाटा पाण्याच्या तबकात दाखवल्या होत्या त्या कशाच्या, याचं पहिलं उत्तर चव्वेचाळीस वर्षांनी त्याच टेबलामागून आलं. मॅक्सवेलने प्रकाशाचा विद्युतचुंबकीय सिद्धान्त मांडताना स्वच्छ लिहिलं की फॅरडेने तेव्हा सुचवलेलं आणि आपण मांडत असलेलं गाभ्यात एकच आहे. 29 जानेवारी 1897 रोजी शुक्रवारच्या सभेला जगदीशचंद्र बोस उभे राहिले तेव्हा त्यांच्या पुढ्यात मांडलेली उपकरणं त्याच विद्युतलहरींची होती. विषय त्या लहरींच्या ध्रुवणाचा, म्हणजे त्यांचा कंप एकाच दिशेत बांधला जाण्याचा होता, आणि ती उपकरणं त्यांनी कलकत्त्यात स्वतः घडवून घेतली होती.